रुगर सुपर रेडहॉक (.४४ मॅग्नम): ज्यांच्याकडे आहे त्यांनी खरं काय ते सांगा

सॉटूथचा_भटक्या

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, बंदूक असावी की नसावी यावर दोन धागे पेटून राख झालेत, तो विषय परत नको. मला फक्त ज्यांच्याकडे हे रिव्हॉल्व्हर (.४४ मॅग्नम हे त्याचं काडतूस) आहे किंवा होतं त्यांच्याकडून ऐकायचंय.

मी बॉयझी, आयडाहोला असतो. ग्रीन कार्ड गेल्या वर्षी आलं. शनिवार-रविवार डोंगरात. सॉटूथच्या भागात काळी अस्वलं आहेत, ती आपल्याला बघून पळतात, पण आता आयलंड पार्ककडे म्हणजे यलोस्टोनच्या बाजूला जायला लागलोय आणि तिथे ग्रिझली, म्हणजे मोठी तपकिरी अस्वलं आहेत. शिवाय ऑफिसातला एकजण हरणाच्या शिकारीला चल चल म्हणून मागे लागलाय. हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला (इकडे १ जानेवारी १९७५ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना तो लागतोच, वर्गात सगळी बारा-तेरा वर्षांची पोरं आणि मधे मी एकटा टकला).

दुकानात सुपर रेडहॉक हातात घेतलं, साडेसात इंची नळीचं. पहिल्यांदा वाटलं आईचा वरवंटाच उचलला. पण दुसऱ्या मिनिटाला ते खाली ठेववेना. दुकानदार म्हणाला घेऊन टाक, तो म्हणणारच. पर्याय म्हणून स्मिथ अँड वेसनचं ६२९ आणि याच रुगरचं पाच इंची टोकलॅट (.४५४ कसूल) पण दाखवलं.

तर वजन, धक्का, चाप कसा आहे, खर्च किती येतो, आणि मुख्य म्हणजे घेतल्यावर पस्तावलात का? यूट्यूबवरचे लोक सगळ्याच बंदुकांना बेस्ट म्हणतात त्यामुळे तिकडच्या लिंका नकोत.

गावठी_टेक्सन

नऊ वर्षं आहे माझ्याकडे, हेच, साडेसात इंची. मी ऑस्टिनपासून दोन तासांवर एका शेतकऱ्याच्या रानात डुकरं मारायला जातो. टेक्सासात २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर रानडुकराला लायसन्सपण लागत नाही, शेतकरीच बोलावतात, इतका उच्छाद आहे.

आता मुद्द्याचं. दिसायला हे रिव्हॉल्व्हर कुरूप आहे हे मान्य करूनच पुढे जाऊ. पुढचा तो फ्रेमचा लांब ठोकळा, त्यातून नळी अशी बाहेर आलेली की वाटावं प्लंबरनं पाइप बसवलाय. पण तो ठोकळा उगाच नाहीये, नळीचे आटे त्या जाड पोलादात लांबवर धरलेले असतात आणि वरच्या पट्टीवर दुर्बीण बसवायच्या खाचा थेट फ्रेममधेच कोरलेल्या आहेत, त्याच्या रिंगा बॉक्समधेच येतात. मी पहिल्या आठवड्यात दोन पटीची लाँग आय रिलीफ (डोळ्यापासून हातभर लांब धरूनही दिसते ती) दुर्बीण लावली ती आजतागायत हललेली नाही. नऊ वर्षं .४४ मॅग्नमचे धक्के खाऊन दुर्बीण जागेवर राहते हे ज्याला कळतं त्याला कळतं.

वजन ५३ औंस, म्हणजे दीड किलो. वर सहा काडतुसं, दुर्बीण, पट्टा. कमरेला लावून दिवसभर चाललास तर संध्याकाळी पँट वर ओढण्यातच निम्मा जीव जातो. पण त्याच वजनामुळे धक्का कसा येतो सांगू का, तो मारत नाही, ढकलतो. बैलानं मानेनं बाजूला सारावं तसं. हात वर उचलला जातो, पण तळहात झोंबत नाही.

पस्तावलो का? नाही. पण माझं डुक्कर गाडीपासून दोनशे पावलांवर असतं. तू डोंगर चढणार आहेस. तुझं गणित वेगळंय.

नुसता_वाचक

अवांतर विचारतो. मी एच-वनवर आहे. रूममेट म्हणतो घेऊ शकतोस, दुसरा म्हणतो थेट डिपोर्ट होशील. खरं काय?

जुनं_लोखंड

वाचकभाऊ, दोघेही अर्धवट. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूकच काय, काडतूस बाळगणंही फेडरल कायद्याने बंद आहे. त्याला मोजके अपवाद आहेत आणि त्यातला एक म्हणजे एखाद्या राज्याचं वैध हंटिंग लायसन्स. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा असतो त्यात हे सरळ विचारतात आणि तिथे खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा. लायसन्सची मुदत संपली आणि बंदूक घरातच राहिली तर तू गुन्हेगार, इतकं साधं. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत रेंजवरसुद्धा बंदूक हातात घेण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचार. रूममेटला नको.

मूळ प्रश्नावर रात्री सविस्तर लिहितो, आत्ता कामावर आहे.

केनाईकाठची

भटक्या, मी अलास्कात अँकरेजला नर्स आहे, बारा वर्षं झाली. उन्हाळ्यात रशियन रिव्हरला लाल सामन लागतो तेव्हा माझी सुट्टी ठरलेली. तिथे आपण एकटे मासे पकडत नाही, पलीकडच्या काठावर तपकिरी अस्वलही तेच करत असतं.

माझी पहिली चूक ऐक. वजन नको म्हणून मी सुरुवातीला जेमतेम ७०० ग्रॅमचं एक .४४ घेतलं, कंपनीचं नाव नको. दुकानात वाटलं अरे वा, फुलासारखं. रेंजवर पहिल्या बाराला डोळ्यात पाणी, चौथ्याला अंगठ्याचं मूळ सुजलं, आणि पाचवा बार काढायला गेले तर चक्री (काडतुसं बसतात ती) फिरेचना! झालं असं की धक्क्यानं सहाव्या काडतुसातली गोळी पुढे सरकून चक्रीच्या बाहेर डोकावली होती आणि फ्रेमला अडकली. बंदूक हलकी, धक्का जोरात, त्यात काडतुसाच्या तोंडाची घडी सैल. तू समज हे अस्वलासमोर झालं असतं तर माझ्या हातात ७०० ग्रॅमचा दगड होता फक्त. विकून टाकलं.

मग सुपर रेडहॉकच घेतलं पण अलास्कन मॉडेल, अडीच इंची नळी. फ्रेम संपते तिथेच नळी संपते, हत्तीचं पिल्लू दिसतं. सव्वा किलोच्या आसपास वजन आहे तरी, हलकं अजिबात नाही. मी ते छातीवरच्या होल्स्टरमधे घालते, वेडर्सच्या (पाण्यात उतरायच्या छातीपर्यंतच्या विजारीच्या) वर. हा मुद्दा कुणी सांगत नाही म्हणून ठळक सांगते: कमरेला लावलेलं मोठं रिव्हॉल्व्हर सॅकच्या पट्ट्याखाली अडकतं, पाण्यात भिजतं, आणि बसल्यावर टोचतं. छातीवर असलं की वजन खांद्यांवर वाटलं जातं आणि हात आपोआप तिथे जातो. साडेसात इंची छातीवर लावून बघ एकदा, मांडी घालताना हनुवटीला मूठ लागते.

आणि पहिला हात स्प्रेवर. अस्वलाचा स्प्रे, पट्ट्याला, डाव्या हाताशी. बारा वर्षांत एकदाच वेळ आली, वीस-पंचवीस पावलांवर एक मादी पाण्यातून वर आली, मागे पिल्लू. मी दोरीला लावलेले तीन मासे तिथेच सोडले, मोठ्यानं मराठीत बडबडत मागे मागे सरकले, काय बोलले देवाला माहीत, बहुतेक मारुतीस्तोत्र आणि शिव्या मिक्स. ती माशांकडे गेली. एक हात स्प्रेवर, एक मुठीवर, आणि दोन्ही वापरायची वेळ आली नाही.

आमच्याकडे जीव वाचवायला अस्वल मारलं तरी कातडं नखांसकट आणि कवटी सोलून राज्याच्या वन्यजीव खात्याला जमा करावी लागते आणि लेखी जबाब द्यावा लागतो. तुमच्या भागातला ग्रिझली तर १९७५ पासून संरक्षित आहे, त्यामुळे चौकशी अजून कडक. हे डोक्यात ठेवून मगच बंदूक पट्ट्याला लाव.

बोलकी_बाहुली

विषय नको म्हणालास तरी एक विचारते, भांडायला नाही. तुझी मुलगी लहान आहे ना? दीड किलोचं असो की अर्ध्या किलोचं, घरात कुठे ठेवणार?

सॉटूथचा_भटक्या

नाही नाही, हा प्रश्न रास्तच आहे. पाच वर्षांची आहे. बायकोनं हीच अट घातलीये: आधी तिजोरी जमिनीला बोल्ट होईल, मग बंदूक घरात येईल. काडतुसं वेगळ्या कुलपात. गॅरेजमधे बसवतोय.

केनाईकाठची

आणि कॉम्बिनेशन लेकीची जन्मतारीख ठेवू नकोस. हसू नका, मी इमर्जन्सीत काम करते.

जुनं_लोखंड

आलो. चहा घेऊन बसलोय, लांबणार आहे.

मी पेनसिल्व्हेनियात, १९९४ पासून या देशात, आणि या घडीला तीन .४४ आहेत: रुगरचं साधं रेडहॉक, सुपर रेडहॉक, आणि एक ६२९. बायको म्हणते लोक साड्यांना नावं ठेवतात.

पहिलं म्हणजे भटक्या, तू आयडाहोत बसून .४४ मॅग्नमबद्दल विचारतोयस ही गंमतच आहे, कारण ज्या माणसाच्या हट्टापायी हे काडतूस जन्मलं तो एल्मर कीथ तुझ्याच राज्यातल्या सामन गावचा. १९०७ सालचं .४४ स्पेशल घेऊन तो त्यात जास्त जास्त दारू भरून बघायचा, वर्षानुवर्षं कंपन्यांच्या मागे लागला, आणि शेवटी १९५५-५६ च्या सुमाराला स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टननी मिळून .४४ मॅग्नम आणलं. नाव .४४ पण गोळीचा व्यास खरा .४२९ इंच, हा बारशातलाच घोळ आहे.

फायद्याची गोष्ट ही की .४४ मॅग्नमच्या चक्रीत .४४ स्पेशल चालतं. उलटं नाही. म्हणजे तुला सरावाला मऊ काडतूस आयतं आहे. फक्त स्पेशल आखूड असल्यामुळे चक्रीच्या आत पुढे काजळीचं कडं बसतं आणि मग मॅग्नम घालताना अडतं, तेव्हा प्रत्येक भोकाला ब्रश मारायचा आळस करू नकोस.

आता साधं रेडहॉक की सुपर. साधं १९७९ चं, सुपर १९८७ चं. लोकांना वाटतं सुपर म्हणजे तेच पण मोठं. तसं नाही. साध्या रेडहॉकमधे घोडा आणि चाप दोघांना मिळून एकच स्प्रिंग आहे, त्यामुळे चाप हलका करायला गेलात तर घोडा हलका पडतो आणि काडतूस पेटत नाही. सुपरमधे रुगरच्याच जीपी-१०० रिव्हॉल्व्हरसारखी दोन वेगळ्या स्प्रिंगांची रचना आहे. म्हणून सुपरचा चाप हळूहळू घासून, वापरून खूप चांगला होतो. नवा असताना डबल अ‍ॅक्शन म्हणजे घोडा न चढवता नुसता चाप ओढायचा तर पाचेक किलोचा जोर लागतो, विहिरीचा रहाट ओढल्यासारखं, पण सरळ ओढ आहे, मधे खड्डे नाहीत. रिकाम्या बंदुकीवर, आत बनावट काडतुसं घालून, टीव्ही बघत पाचशे वेळा ओढ. (भिंतीकडे तोंड करून, आणि खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत.)

दुसरी गोष्ट मुठीची. साध्या रेडहॉकला मागे पोलादाची कड तळहाताला लागते. सुपरमधे फ्रेमचा नुसता एक खुंटा खाली येतो आणि त्याभोवती सगळीकडून रबर, म्हणजे पोलाद हाताला कुठेच भिडत नाही. गावठीभाऊ जे म्हणाले बैलानं ढकलल्यासारखं, त्याचं अर्धं श्रेय वजनाला आणि अर्धं या रबराला.

फ्रेमच्या बाजूला झाकण नाही, सगळं यंत्र खालून चापाच्या कमानीसकट एका ठोकळ्यात निघतं. दसऱ्याला साफ करायला बरं. चक्री पुढेही लॉक होते आणि मागेही. आणि ट्रान्सफर बार (घोडा आणि पिनच्या मधे येणारी पट्टी) असल्यामुळे चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोड्याचा मार पिनवर पोचतच नाही, त्यामुळे सहाही काडतुसं भरून नेता येतात.

६२९ बद्दल: चाप दुकानातूनच लोण्यासारखा येतो, दिसायला देखणं, सहा इंची तेराशे ग्रॅमच्या आत. मला रेंजवर तेच आवडतं. पण रोज तिखट काडतूस खायला घालायचं तर रुगर. स्मिथच्या बाजूला २००१ च्या सुमारापासून किल्लीचं भोक आलंय त्यावर अमेरिकन म्हातारे अजून रडतात, मला काही फरक पडत नाही.

.४५४ कसूलच्या भानगडीत आत्ता पडू नकोस. .४४ मॅग्नमचा दाब ३६,००० पीएसआयपर्यंत, कसूलचा ६५,००० पर्यंत. रायफलीचा आकडा आहे तो. त्यात .४५ कोल्ट चालतं म्हणून लोक घेतात आणि आयुष्यभर .४५ कोल्टच उडवतात.

शेवटचं आणि खरं महत्त्वाचं. बंदूक चांगलीच आहे, दोष हातात निघतो. मित्राला सांग चक्री भरायला, तू बघायचं नाही, त्यानं चार खरी आणि दोन वापरलेल्या पुंगळ्या मिसळून भरायची. मग बार काढ. ज्या वेळी घोडा रिकाम्या पुंगळीवर पडेल तेव्हा नळीचं टोक बघ. खाली दचकलं की समज तू बार होण्याआधीच घाबरतोयस. मला तीस वर्षांनी अजून महिन्यातून एकदा हे करावं लागतं.

ऊसवाला_सातारकर

तुमच्या गप्पा वाचून जेवण गार झालं माझं. आमच्याकडे कानपूर कारखान्याचं .३२ आहे, वडलांच्या नावावरून माझ्यावर आलं. तुमच्या त्या .४४ समोर ते म्हणजे दिवाळीतली टिकल्यांची बंदूक. २०२३ ला कानपूरवाल्यांनीच प्रबळ नावाचं नवीन काढलंय, चक्री बाजूला उघडते, पण ते पण .३२ च. माझं जुनं मधून मोडतं, गावठी कट्ट्यागत.

वजनाचं काय सांगता, आमच्याकडं खरं ओझं कागदाचं. प्रत्येक निवडणुकीला, मग ती लोकसभा असो नाहीतर विधानसभा, पोलीस स्टेशनात नेऊन जमा करायचं, पावती घ्यायची, निकाल लागल्यावर परत आणायला चकरा. एका वर्षी माझं रिव्हॉल्व्हर घरापेक्षा ठाण्यातच जास्त राहिलं. आणि २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला दोनच हत्यारं, त्यामुळं लोखंडकाका तुमच्या तीन साड्या इथं चालल्या नसत्या.

रानडुकराला मात्र .३२ घेऊन जाऊ नये हे अनुभवानं सांगतो. त्यासाठी बारा बोअरच.

आणि एक, तुम्ही घोडा म्हणताय ते बरोबर, आमच्यात पण घोडा म्हणजे जो अंगठ्यानं चढवायचा तो. मुंबईकर अख्ख्या पिस्तुलाला घोडा म्हणतात, ते ऐकून आमचे आजोबा विचारायचे मग चढवता काय?

टोरांटोचा_टोण्या

मी नुसता कोरडा बसून वाचतोय. आमच्याकडे २१ ऑक्टोबर २०२२ पासून हँडगनची खरेदी-विक्रीच गोठवली. ज्यांच्याकडे आधीची आहे ते ठेवू शकतात, पण तीही सगळ्यांना विकता येत नाही. अलास्कनसारखी अडीच इंची नळी तर १०५ मिलिमीटरच्या आतली म्हणून त्याच्याही कितीतरी आधीपासून बंद. ताई, तुम्ही गाडीनं अँकरेजहून खाली येणार असाल तर ते रिव्हॉल्व्हर सोबत आणू नका, सीमेवरच राहील.

केनाईकाठची

माहितीये रे. आम्ही विमानानंच येतो. कुलूपवाली कडक पेटी, रिकामी बंदूक, काउंटरवर आधी सांगायचं, चेक-इन सामानात. काडतुसं पाच किलोच्या आत, मूळ खोक्यात. इतकं सोपं आहे की पहिल्यांदा मलाच संशय आला. लोणच्याच्या बरणीला मात्र प्रत्येक वेळी उघडून बघतात.

गावठी_टेक्सन

खर्चाचं कुणी बोललं नाही अजून. बंदूक हजार डॉलरच्या वर, एकदाच. पण काडतूस साधं घेतलंस तरी एका बाराला डॉलरच्या आसपास, अस्वलासाठीचं जड हार्डकास्ट (कडक शिशाच्या गोळीचं) दोन-तीनला. पन्नास बार म्हणजे सहकुटुंब डोशाचं बिल. त्यामुळे होतं काय, लोक घेतात, दोन डब्या उडवतात, हात दुखतो, खिसा दुखतो, आणि मग ते कपाटात. सेकंडहँड बाजारात जवळजवळ नवी कोरी .४४ इतकी का मिळतात याचं उत्तर हेच आहे. मी स्वतः असंच कुणाच्या तरी दोन डब्यांनंतरचं घेतलंय. मागच्या मालकानं उरलेलं अर्धं खोकंपण फुकट दिलं, चेहऱ्यावर सुटका.

जुनं_लोखंड

म्हणून घरी काडतूस भरायला शिकावं. पितळ, म्हणजे रिकामी पुंगळी, पुन्हा पुन्हा वापरता येतं, खर्च निम्म्यावर येतो, आणि आपल्याला हवं तसं मऊ भरता येतं. रिव्हॉल्व्हरचा हा फायदा कुणी मोजत नाही की पुंगळ्या हातातच पडतात. ऑटोमॅटिकवाले गवतात ओणवे होऊन शोधत असतात, आणि काही रेंजवाले तर जमिनीवर पडली ती आमची म्हणून हिसकावतात. आमच्या जवळच्या एकानं मला माझीच पितळं परत विकायला काढली होती!

पिंपळपान

मी सुपर रेडहॉक विकलंय, म्हणून विरुद्ध बाजूनं लिहितो. मोंटानात असतो. चार वर्षं होतं. एकही दोष नव्हता, काही म्हणजे काही बिघडलं नाही. विकलं कारण तिसऱ्या वर्षी लक्षात आलं की मी ते गाडीतच ठेवून ट्रेलवर जातो. आज जवळच जायचंय, आज उन आहे, आज सॅक जड आहे. आता दहा मिलिमीटरचं ग्लॉक २० पिस्तूल आहे, रिकामं साडेआठशे ग्रॅम, पंधरा गोळ्या, आणि ते खरंच अंगावर असतं. अलास्कातही आता बरेच जण तेच घालतात ना ताई?

केनाईकाठची

हो, नदीवर अर्ध्याहून जास्त लोकांकडे तेच दिसतं आता. मी बदललं नाही कारण ओल्या, गारठलेल्या हातानं मला रिव्हॉल्व्हरचंच कळतं: ओढायचं, नाही पेटलं तर परत ओढायचं. सवयीचा भाग. पण पिंपळपान म्हणतात ते शंभर टक्के खरं, गाडीत राहिलेली बंदूक म्हणजे गाडीचं वजन.

गावठी_टेक्सन

ग्लॉकनं पन्नास यार्डावर डुक्कर पाडून दाखवा मग बोलू 😄

पिंपळपान

मी डुक्कर कशाला पाडू, मी शाकाहारी आहे.

जुनं_लोखंड

हे म्हणजे कमाल झाली.

सॉटूथचा_भटक्या

मंडळी, अपडेट. काल ऑफिसातल्या मित्राच्या सासऱ्यांबरोबर गावाबाहेरच्या रेंजवर गेलो. त्यांच्याकडे सुपर रेडहॉक आहे, नव्वद सालच्या आसपासचं, लाकडी पट्ट्या बसवलेली मूठ. कानात बोंडं आणि वर हेडफोन, दोन्ही लावायला लावलं त्यांनी, शेड पत्र्याची होती. बरं झालं. शेजारच्या लेनवरचा माणूस आमचे पहिले दोन बार ऐकून सामान उचलून पार टोकाला गेला.

आधी .४४ स्पेशल बारा बार. अगदी मजेत. पंचवीस यार्डावर बशीएवढ्या गोलात सगळे. मला वाटलं मी जन्मजात नेमबाज, कोल्हापूरचं पाणी शेवटी. मग मॅग्नम. पहिला बार गोलात. दुसरा खाली डावीकडे. तिसरा कागदावरच नाही. म्हातारबुवा काही बोलले नाहीत, रिव्हॉल्व्हर माझ्या हातातून घेतलं, पाठ फिरवून भरलं, परत दिलं. लोखंडकाका, अगदी तुम्ही म्हणालात तेच! दुसऱ्याच चापाला घोडा रिकाम्यावर पडला आणि नळी अशी खाली गेली की जणू मी विहिरीत वाकून बघतोय. इतकी लाज वाटली म्हणून सांगू. म्हातारे म्हणे, आता आपण शिकायला सुरुवात करू.

त्यानंतर तीन तास तेच. एक खरं, दोन रिकामी, एक खरं. शेवटी शेवटी मॅग्नमचे सहातले चार गोलात यायला लागले. चक्री आणि नळीमधल्या फटीजवळ बोट नेऊ नको म्हणून त्यांनी चार वेळा हात दाबून मागे घेतला, ती फट कशी भाजते ते दाखवायला कागदाचा तुकडा बाजूला धरून बार काढला तर कागद फाटून काळा.

निर्णय असा: साडेसात इंची सुपर रेडहॉक घेतोय, शिकार आणि रेंजसाठी. आयलंड पार्कला स्प्रेचे दोन डबे, एक माझ्याकडे एक बायकोकडे, आणि बंदूक घरी तिजोरीत. निदान मॅग्नमचे सहाच्या सहा गोलात येईपर्यंत तरी. ताईंसारखं छातीवरचं लहान पुढे बघू.

पिंपळपान

पार्कच्या आत गेलास तर लक्षात ठेव, २०१० पासून राज्याच्या कायद्याप्रमाणे बंदूक बाळगता येते, पण झाडायला बंदी आहे, आणि व्हिजिटर सेंटरसारख्या सरकारी इमारतीत नेताच येत नाही. घरीच ठेवतोयस ते सोपं.

बोलकी_बाहुली

तिजोरी बसली का आधी?

सॉटूथचा_भटक्या

बसली. चार बोल्ट. बायकोनं स्वतः हलवून बघितली.

ऊसवाला_सातारकर

दसऱ्याला फोटो टाक रे. हळदकुंकू लाव, आपट्याचं पान ठेव. रिकामी करून ठेव मात्र, आमच्या चुलत्यांनी पूजेच्या पाटावर भरलेली ठेवली होती, गुरुजी मंत्र अर्धा टाकून उठले.

सॉटूथचा_भटक्या

आपट्याचं पान बॉयझीत कुठून आणू काका, इथं मेपलवर भागवतो.

जुनं_लोखंड

पान कसलंही ठेव. कालच्या त्या मॅग्नमच्या पुंगळ्या कुठायत? टाकल्या नाहीस ना?

सॉटूथचा_भटक्या

नाही काका, डब्यात भरून ठेवल्यात. लेक त्यांची भातुकली मांडून बसलीये, म्हणते हे छोटे ग्लास आहेत.

जुनं_लोखंड

काढून घे लगेच तिच्याकडून आणि हात साबणानं धू, आत शिशाची धूळ असते. मग धुवून मला पाठव, मी भरून देतो.

केनाईकाठची

भरलेली पोस्टानं पाठवता येत नाहीत काका.

जुनं_लोखंड

मग मीच येतो बॉयझीला. सामन गाव तसंही बघायचंच आहे.